मधली पेटी

कास्त्रोच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
आमचं दुकान. आत तीन शवपेट्या.
दाराशीच ती महागडी :
पितळी कड्या, आत पांढरं रेशीम,
चोवीस लाख नव्वद हजार पेसो.
आठ वर्षांत कुणी घेतली नाही.
ती घ्यायची नसतेच,
आधी बघायची असते.

निबाल्दो, आमचे मालक, म्हणतात,
रडून आलेल्या माणसाला आकडा दिसत नाही,
आकड्याशेजारचा आकडा दिसतो.
म्हणून स्वस्तातली भिंतीकडे, दिव्यापासून लांब,
आणि मधे ही :
सहा लाख एकोणनव्वद हजार नऊशे नव्वद.
लोक पहिलीशी थबकतात,
तिसरीशी ओशाळतात,
आणि मधलीवर हात ठेवून म्हणतात,
'हीच तिला आवडली असती.'

मंगळवारी बेलार्मिनो काइचेओ आला.
साठ वर्षं होड्या बांधलेला माणूस;
बायको रात्री गेली होती.
किमतींकडे त्यानं पाहिलंच नाही.
टोपी काखेत मारून, बोटांच्या पेरांनी टकटक करत
तिन्ही पेट्यांभोवती फिरला,
भरतीआधी होडीचा तळ तपासावा तसा.
मधलीशी वाकला. मग तिसरीशी.
नखानं जरा खरवडून वास घेतला.
'एकाच झाडाच्या फळ्या,' म्हणाला,
'हिला फक्त व्हार्निशचे दोन हात जास्त.'

मी काय बोलणार?
बिलबुकावरची नसलेली धूळ फुंकली.
'मग भिंतीकडची काढू?'

बराच वेळ गप्प. खाली फेरीबोटीचा भोंगा झाला.
'नको. मधलीच दे.
लाकूड मला कळतं, पोरी.
मुली सान्तियागोहून येताहेत,
त्यांना भाव कळतो.
आणि मलासुद्धा आता, ती भिंतीकडची...'
पुढचं त्यानं गिळलं.

नोटा दोनदा मोजून दिल्या.
मी दहा पेसोचं नाणं परत केलं.
'हे कशाचं?'

कसं सांगू,
सहा लाख नव्वद हजार कानाला जड लागू नयेत,
त्याचं.

त्यानं खिसा फाटका नाही ना ते चाचपलं
आणि मग नाणं आत सोडलं.

संध्याकाळी मी महागड्या पेटीच्या कड्या पुसत होते.
निबाल्दो वही मिटत म्हणाले,
'पुढच्या महिन्यात हिच्याहून महाग एक मागवू.
म्हणजे हीसुद्धा खपायला लागेल.'