पहिली पाळी

भोंगा बंद होऊन वर्षं झाली,
तरी साडेपाचला डोळे उघडतात.
हात माझ्याआधी उठलेला असतो,
उजवा. पांघरुणाखाली
नोटा मोजल्यासारखा मोजत बसतो.
जन्मात एवढ्या नोटा पाहिल्या नाहीत मी.

मुळ्ये डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या पाठीवर काढून दाखवलं:
ही पेशी. आत या शेंगदाण्यासारख्या दिसतात त्या
मायटोकाँड्रिया. "भट्ट्या समजा," म्हणाल्या.
समजा कशाला?
एकतीस वर्षं मिलच्या बॉयलरवर होतो, बाई.
निखाऱ्याचा रंग बघून
वाफेचा काटा कुठे असेल ते सांगायचो.
विचारलं, विझलेली पेटते का?
पेनाला टोपण लावत त्या म्हणाल्या, "नाही.
चालू आहेत त्यांना हवा द्या.
दम लागेल इतकं चाला."

तेव्हापासून वसुमती माझी फोरमन.
आधी गोळी, रिकाम्या पोटी;
डाळ, पनीर मागाहून, ती गोळीशी भांडतात म्हणे.
जवसाची चटणी, चार अक्रोड, पालक,
पुन्हा पालक.
साखरेचा डबा कुठे आहे ते नातवाला ठाऊक आहे.
कार्टं फितत नाही.

दारात पाय रुततात.
उंबरा बोटभर,
पण समोरून मालगाडी चालल्यासारखा उभा राहतो.
तिनं साडीचा उरलेला पिवळा फॉल कापून
फरशीवर पट्ट्या चिकटवल्या.
पट्टी दिसली की पाय उचलतो.
का ते बाईंनी सांगितलं होतं, विसरलो.
बॉयलरचा पंपही कधीकधी
नुसत्या पान्याच्या ठोक्यानं चालू व्हायचा.

परदेशीपुऱ्यातून मिलच्या गेटापर्यंत
मोठ्यानं मोजत जातो, एक-दो, एक-दो,
मोजणी हिंदीतच येते, मिलमध्ये शिकलेली.
वसुमती दोन पावलं मागे.
धरायला नाही, म्हणते, ऐकायला.
मानेवरून घामाची धार उतरली
की वाटतं, आत कुठेतरी काटा हलला.
वाटतं एवढंच.
परवा शर्टाच्या गुंड्यांना सात मिनिटं लागली,
काल अकरा. आज मोजली नाहीत.

रविवारी कोपऱ्यावर अर्धी प्लेट पोहे मंजूर.
जिलबी नामंजूर.
जीरावनाची डबी मी मुद्दाम उजव्या हातात घेतो.
बघ, कसं सारखं पडतंय सगळीकडे,
असं पोहेवाल्यालाही जमत नाही.
ती लगेच हसत नाही.
आधी माझ्या प्लेटमधली शेव
आपल्याकडे ओढून घेते.