आकडा

अडतीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचले.
मल्हारगंज, छत्रीबाग, जुनी इंदूर, मधे तीन वर्षं धामनोद.
जिन्याखाली, चपलांच्या मांडणीमागे,
एकदा तर देव्हाऱ्याच्या पाठीला,
टॉर्च दातांत धरून.
आकडा कुठेही असो, वाढलेलाच असायचा.
कमी झालेला एकही आठवत नाही.

आता हा एक आहे, स्टिअरिंगच्या मागे, हिरवा,
आणि सकाळपासून उतरतोय.
शंभरावर निघालो. राऊच्या चौकात एक्याण्णव.
महूला चौऱ्याऐंशी.
शकू म्हणाली, समोर बघा हो,
आणि आकड्यावर तिने आपला रुमाल टाकला.
मी दर दोन किलोमीटरला
रुमालाचं टोक उचलत राहिलो.

कंपनी म्हणते दोनशे तीस.
शोरूममधला पोरगा, एका कानात बाळी, हळूच म्हणाला,
अंकल, दीडशे धरून चला, एसी लावलात तर तेही नका धरू.
म्हणून खिडक्या उघड्या,
आणि शकूचा अंबाडा महूपर्यंतच टिकला.

पण मानपूरचा घाट उतरताना
पायाखाली काहीही दाबलेलं नसताना
अडुसष्ट. एकोणसत्तर.
सत्तर.
गाडी उतार पीत होती.
माझ्या तळहातांना घाम फुटला.
उलटा फिरणारा मीटर म्हणजे चोरी,
पंचनामा, दोन साक्षीदार, लाखेचं सील.
शकू, कुणाचं घेतोय गं आपण हे?
ती म्हणाली, डोंगराचं.
संध्याकाळी परत द्यायचंच आहे.

महेश्वरला सत्तेचाळीस.
दोन साड्या घेतल्या, तिसरीवरून भांडलो.
वाहनतळावर चार्जिंगचं मशीन होतं,
मशीनवर पोतं, पोत्यावर कोंबडी.
मोबाइल मात्र ते चालू असल्याचं सांगत होता.

धामनोदला परत आलो तेव्हा अडतीस, माझ्या नोकरीइतके.
एवढ्यावर घाट चढत नाही.
मोटार वायंडिंगचं दुकान दिसलं, गाडी वळवली,
पाटी वाचली, आणि पाय गाडीतच राहिले.
चौऱ्याण्णव साली समोरच्याच खांबावर चढून
मी बांबूला बांधलेला एक आकडा काढला होता.
खाली आटाचक्की थांबत थांबत थांबली,
आणि दुलीचंद पाटीदार
पिठाने पांढरे झालेले हात जोडून उभा होता.

आता हात तसेच पांढरे, पण पीठ नव्हे.
त्याने गाडीभोवती एक फेरी मारली,
टायरला काठी टेकवून पाहिली,
वायर पाहिली, प्लग पाहिला, मला पाहिलं,
आणि निमाडी हेलात एवढंच म्हणाला,
आज तुम्ही आकडा टाका, साहेब.
मी बघत नाही.

दोन तास बसलो.
मुलगा तांब्याची तार गुंडाळत राहिला, वेढे मोजत, ओठ हलवत.
शकूने आत जाऊन साड्या उलगडून दाखवल्या,
न घेतलेल्या तिसरीचं वर्णन जास्त वेळ चाललं.
मी सवयीने दुकानाच्या मीटरखाली गेलो.
आधीचा आकडा, नंतरचा आकडा,
साडेपाच युनिट.
पैसे पुढे केले.
म्हातारा म्हणाला, तेव्हा दंड भरला होता,
पावती जपून ठेवलीय.
तुम्हाला पावती मिळायची नाही.

घाटाने आपलं मोजून घेतलं, वर थोडं व्याजही.
रात्री रामबागेत शिरलो तेव्हा सात.
शकू झोपलेली, रुमाल तिच्या पायाशी.
तिला उठवलं नाही लगेच.
पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडली,
तुळशीच्या कुंडीला वळसा घालून,
प्लग बसला, दिवा लुकलुकला.

मग घरच्या मीटरसमोर उभा राहिलो, टॉर्च दातांत.
वाढत होता.
डायरीत तारीख टाकली, खाली लिहिलं:
धामनोद, साडेपाच युनिट,
बाकी.