डाव्या कानामागे, दोन बोटं

शहापुरात आमच्या दुकानात एक लाकडी डोकं आहे.
फणसाचं. नाक नाही, डोळे नाहीत,
तरी आजोबा त्याला सरकार म्हणत
आणि चुकून पाय लागला तर नमस्कार करत.

खरे सरकार नदीपलीकडच्या सात गावांचे राजे.
त्यांना तासन्‌तास बसायला सवड नसे,
म्हणून हे बसायचं त्यांच्या बदली.
मलमल दोरीसारखी पिळून, खळ लावून
थराथरानं चढवायची,
पुढे कोका काढायचा, कलाबतू फिरवायची,
आणि दसऱ्याच्या आदल्या रात्री
पगडी टांग्यात निघायची
आजोबांच्या मांडीवर,
बारशाच्या बाळासारखी झाकून.

आता सरकारांवर मी हॅट बनवते.
किटलीची वाफ देते, फेल्ट ओढते कानापर्यंत,
टाचण्या खुपसते थेट कपाळात.
सिनामेची जाळी, कडेला तार,
पिसं उतरवलेला मोरपिसाचा नुसता देठ.
गोव्याच्या लग्नांना जातात माझ्या हॅटी,
बंगळूरच्या शर्यतींना जातात.
मी घोडा पाहिलाय तो फक्त टांग्याचा,
तोही आजोबांच्या बोलण्यात.
पाटीवर वर कानडी, खाली मराठी,
मध्ये मी रंगवलेली एक टोपी.
तिला अजून कुणी भाषा विचारलेली नाही.

अण्णा म्हणतात,
हे डोक्यावर घालायचं, का डोक्याशेजारी ठेवायचं?
अण्णा, कलतीच असते ही.
कलती तर सरकारांचीबी होती की,
म्हणाले एकदा, आणि एकदम
चष्मा पुसायला लागले.

मापाची वही मोडीत आहे. मला येत नाही.
फार मागे लागले तेव्हा त्यांनी एकच ओळ वाचली,
बोट ठेवून, हळू, दार लोटून घेऊन:
डावे कानामागे दोन बोटे, उंचवटा, आवळ्याएवढा.
जन्माचा.
पीळ तेथे जाड धरणे. कोठे बोलू नये.

राजवाड्यात हल्ली तहसील कचेरी आहे.
जिन्यात तसबीर, तसबिरीखाली संगमरवर:
वाघानं पंजा मारला डोक्याला डावीकडून,
सरकार हलले नाहीत.
सात गावांतली पोरं हे पाठ म्हणतात.

सोमवारी एक बाई आल्या.
कार्डावर हातभर नाव,
फोनवर नुसतं, चित्रांगदा बोलतेय.
काळी हवी, सपाट, बरोबर मधोमध बसणारी.
केस सोडून स्टुलावर बसल्या, म्हणाल्या,
हेल्मेट कधी बसलंच नाही मला,
त्यापायी स्कूटी विकली.

टेप फिरवताना बोटं थांबली.
डाव्या कानामागे.
मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं.
दोन बोटं.

वाघ आठवला.
नखं, रक्त, संगमरवर,
आणि जखमा काही पणतीपर्यंत उतरत नाहीत.

काय झालं?
काही नाही. बावीस इंच, वर एक सूत.
ताई, मधोमध नको. डावीकडे उतरवूया जरा,
तुमच्या चेहऱ्याला बरं दिसेल.
हसल्या. आमच्या पणजोबांचीही कलतीच असायची.
वाघानंतर.

टाचण्या दातांत धरायची सवय
आमच्या धंद्यात का आहे
ते मला तेव्हा कळलं.

रात्री खालचा खण उपसला.
मोडके तुरे, शिरपेचाचे खोटे खडे,
आणि तळाशी चामड्याचा तो गोळा,
दोन वर्षांपूर्वी सरकारांच्या डोक्यावरून
मीच पक्कडीनं उपटलेला.
जुनं ठिगळ वाटलं होतं. फेल्टला आडवं येत होतं.

लाकडात चार भोकं अजून होती.
चार खिळे घेतले.

अण्णा आतल्या खोलीत जेवत होते.
हातोडी कुठे पडतेय ते ऐकत
घास हातात धरून थांबले,
चौथ्या ठोक्यापर्यंत.
मग म्हणाले, आमटी गार व्हायलीय,
ये आता.