मंगळवारी, जेवून

एवारिस्तोला मी होकार दिला तेव्हा
जमीन हलत होती.
वाल्परायसोत ती हलतेच, त्यात नवल नाही,
पण त्या रात्री फळीवरचे पेले
एकेक करून उड्या टाकत होते
आणि दाराच्या चौकटीत माझ्याशेजारी तो उभा होता.
वरच्या मजल्यावरचा भाडेकरू,
नावसुद्धा धड ठाऊक नव्हतं.
दीड मिनिट.
छातीत जे धडधडलं
ते मी त्याच्या खात्यात जमा केलं.

हिशेब चुकला हे कळायला सहा वर्षं गेली.
सहा वर्षं, एक मुलगी,
आणि शांत रात्री पाठीला पाठ लावून पडलेले आम्ही,
जणू पुढच्या धक्क्याची वाट बघत.

नंतरचा तो बोटीवरचा.
बाबांना पुरलं त्याच आठवड्यात भेटला.
त्याच्या कोटाला तोच तंबाखूचा वास.
बास, तेवढं पुरलं.
त्याच्या खांद्यावर मी कितीदा रडले,
कोणासाठी ते कधी सांगितलं नाही.
बिचाऱ्याला वाटायचं, किती जीव लावते ही!

एकदा नुसत्या रागात.
त्याबद्दल नको.

बाल्तासार शिलाईची यंत्रं दुरुस्त करतो.
रोज सात दहाला बेकरीत येतो, दोन पाव घेतो,
सुटे पैसे मोजून आणतो.
मार्चमध्ये त्यानं विचारलं, कधी चहाला येणार का?
मी काउंटरमागे छातीवर हात ठेवून पाहिला.
आत काही हललं नाही.
म्हणून नाही म्हटलं.

रायेन सतराची आहे, तोंडाळ आहे.
म्हणाली, "आई, तुला माणूस हवाय
की भूकंप मोजायचाय?"

तेव्हा मी मंगळवार ठरवला.
घरी मसूर-भात खाल्ला, दुपारी झोपले,
कोणाशी भांडण नाही, कोणी गेलेलं नाही,
समुद्रावरचा वारासुद्धा पडलेला.
वाइन नको म्हटलं.
इतकी रिकामी होऊन
मी कधी कुणासमोर बसलेच नव्हते.

तो तेलांबद्दल बोलत राहिला,
कुठल्या यंत्राला कुठलं.
खरं सांगते, मला जांभई आली.
मग मध्येच म्हणाला,
"उजवं मनगट दुखतं का?
हल्ली पाव डाव्या हातानं उचलता."

मी हे कोणाला सांगितलं नव्हतं.
मलाच नीट कळलं नव्हतं.

तेवढ्यात डोक्यावरचा दिवा झुलायला लागला.
आम्ही दोघांनी वर पाहिलं.
उठलं कोणीच नाही.
चहा सांडू नये म्हणून त्यानं
माझ्या कपावर बशी पालथी घातली
आणि हात तिथंच राहू दिला,
नखांच्या कडेला काळं तेल.

"चार," तो म्हणाला, "चारच्या आतलाच."
दिवा थांबला.
मी मोजायला लागले,
मग मध्येच सोडून दिलं.

टेकडीवर जाणारी शेवटची लिफ्ट साडेदहाची.
आत्ताशी नऊ वाजले होते.