अठरा महिन्यांचे भाडेकरू

मी म्हटलं, इथे करार अकरा महिन्यांचा करतात साहेब.
तर म्हणाले, आम्हाला पाठवलंय अठरा महिन्यांसाठी,
आणि सही केली,
शाळेतल्या पोरासारखी, एक एक अक्षर सुटं.

वेंडेल, वय त्र्याहत्तर. नोरीन, एकाहत्तर.
मोहननगरात माझ्या वरच्या दोन खोल्यांत
चार बॅगा, एक इस्त्री,
आणि गोळ्यांची डबी, सात घरांची.

सकाळी साडेपाचला माझं छत चालायला लागतं.
आधी तिच्या सपाता, मग त्याची काठी,
मग दोघांचे चार गुडघे जमिनीला टेकल्याचा
एकच आवाज,
आणि बराच वेळ काहीच नाही.
मी दूध तापत ठेवते.
उतू जायच्या आत उठतात बहुधा.

मग नातवंडं येतात, फोनमध्ये.
तिकडे अजून कालचीच संध्याकाळ.
नोरीन फोन इतका जवळ धरते
की पोरांना नुसतं आजीचं नाक दिसत असेल.

साडेनवाला पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी.
मे महिना, सेहेचाळीस डिग्री.
काहून जी, मी म्हटलं, जीव देता काय?
निदान खिशात कांदा ठेवा.
दुसऱ्या दिवसापासून ठेवू लागले.
हातात देवाचं पुस्तक, खिशात कांदा,
ऑटोवाल्याला विचारतात, कडबी चौक, किती?
तो ऐंशी म्हणतो. हे ऐंशी देतात.

तिथे टायरच्या दुकानावर एक हॉल आहे.
आठवडाभर पोरापोरींना इंग्रजी शिकवतात,
रविवारी प्रार्थना.
कधी अकरा माणसं, कधी चार,
चारमध्ये ही दोघं धरून.

मलाही विचारलं एकदा, नाही असं नाही.
मी म्हटलं, माझा देव्हारा भरलेला आहे बाई,
फुलाला जागा उरत नाही.
नोरीनने मान हलवली, थोडा वेळ गप्प,
मग म्हणाली, मेथी जास्त आणली, देऊ?

गल्लीत विचारतात लोक,
काय करून राहिले हो हे म्हातारे इथं?
माझ्या कूलरचा पंप दुरुस्त करून राहिले, मी सांगते.
खोटं नाही. बटाट्याची शेती केलेला माणूस,
मोटार दिसली की बाह्या सरसावतो.

जानेवारीत त्याचा भाऊ गेला.
चाळीस वर्षं एका बांधावर दोघं.
जाता आलं असतं. तिकिटाला पैसे होते,
वरून कोणी अडवलंही नव्हतं.
तो म्हणाला, गुरुवारी सुकेशनीचा इंटरव्ह्यू आहे, मिहानमध्ये,
अजून 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ला अडते ती.
मला राग आला, खरं सांगते.
सख्खा भाऊ, आणि हा कुणाच्या पोरीचं इंग्रजी घेऊन बसलाय.

रात्री साडेअकराला वर पावलं वाजली.
शाल घेऊन गेले.
फोन माझ्याच लोणच्याच्या बरणीला टेकवलेला,
त्यात बर्फ, काळे कोट, एक लांब पेटी,
मध्येच चित्र अडकायचं
आणि सगळे तसेच उभे राहायचे, तोंडं अर्धी उघडी.
वेंडेल टाय बांधून उभा. नोरीन त्याच्या दंडाला धरून.
मी दारातच थांबले. डोक्यावर पदर घेतला.
कोणाचा देव, कोणती भाषा, काही कळत नव्हतं,
पण बसावंसं वाटेना.
शेवटी त्यानेच मागे वळून पाहिलं,
आणि मराठीत म्हणाला, बसा.
त्याला येणाऱ्या बारा शब्दांपैकी एक.

सकाळी दूध उतू गेलं.
वर अजून सामसूम होती.
गॅस पुसता पुसता हिशेब केला,
सहा महिने उरले करारात.
सुकेशनीचं काय झालं तेही विचारायचं राहिलंय.