मोजणी

बावन्न सालची पेटी
दापोलीच्या कचेरीत उपडी केली
तेव्हा मतपत्रिकांच्या आधी
एक पत्र्याचा बिल्ला पडला,
टेबलावर गरगरत
मामलेदारांच्या दौतीला टेकून थांबला.

अण्णा मोजणीचे कारकून. चष्मा वर करून पाहिलं :
मिशीवाला गोरा, ताठ कॉलर,
कडेनं अक्षरं, त्यांतली एवढीच शाबूत :
फॉर गव्हर्नर.
नाव होतं तिथं गंज.

मामलेदार म्हणाले, मोजणीत धरू नका.
अण्णांनी धरला नाही. खिशात टाकला.

चिन्ह? दिवा.
केंद्र? दाभोळ, उर्दू शाळा.
पुढे चौकशीची गरजच नव्हती.
सबंध दाभोळात बिल्लेवाला एकच.

बुऱ्हाण सारंग. आगबोटीवर आगवाला.
कोळसा ओढून ओढून भुवया जळल्या
त्या परत उगवल्याच नाहीत.
एकदा बोट अमेरिकेत कापूस भरायला लागली,
दक्षिणेकडचं कुठलंसं राज्य,
नाव दर वेळी वेगळं सांगायचा.
तिथं म्हणे लाटसाहेब विलायतेहून येत नाही,
लोक निवडतात.
धक्क्यावरचे तांडेल पोट धरून हसायचे :
लाटसाहेब, आणि निवडून?
उद्या म्हणशील, भरती आणायची की नाही
ते पण मतावर ठरवतात!

न्हाव्याच्या दुकानात मतदान, बाहेर रांग.
बुऱ्हाण पावाची रांग समजून उभा राहिला.
पुढे गोदीतला एक काळा हमाल,
धुतलेला सदरा, कानामागे कापसाचा तंतू.
दारातल्या माणसानं पावती मागितली,
डोईपट्टीची.
हमालानं दोन्ही खिसे उलटे केले.
मग टोपी काढून
डोईच दाखवली.

रांग हसली. तो नाही.
पायरी उतरताना छातीवरचा बिल्ला काढून
बुऱ्हाणच्या काळ्या तळव्यावर ठेवला त्यानं,
काही बोलला, ते बुऱ्हाणला कळलं नाही.
रात्री बोट सुटली.
मोजणी व्हायची होती.

म्हणून कोण आला, कोण पडला
कधीच समजलं नाही.
बावीस वर्षं एकच चेष्टा :
"सारंगचाचा, तुमचा गव्हर्नर आला काय?"
जाळ्यातला खेकडा सोडवत तो म्हणे,
"मोजतायत अजून."

आपल्याकडे तरी कुठे होतं त्याचं नाव?
सारा भरणाऱ्याला मत.
त्याच्यापाशी होडी, जमीन नाही,
आणि खाडीचा सातबारा निघत नाही.

बावन्नात निघालं नाव यादीत.
पहाटे इस्त्रीचा कोट घालून तो शाळेत हजर,
हातात पावत्यांची जुडी :
घरपट्टी, होडीचा परवाना, मशिदीची वर्गणी,
मुंबईतल्या कसल्याशा खानावळीचं बिलसुद्धा.
मास्तर म्हणाले, पावती नको, चाचा. बोट द्या.
शाई लागली.
पडद्याआड इतका वेळ उभा राहिला
की मास्तरांना दोनदा खोकावं लागलं.

दिवा पडला. अनामतही गेली.
बिल्ला आता माझ्या शिवणाच्या डब्यात आहे,
टाचणी अजून टोचते.
पण तेव्हा अण्णा तो परत द्यायला गेले होते,
ओहोटीची वेळ, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून,
चिखलातून थेट होडीपाशी.

बुऱ्हाणनं हात पुढे केला नाही.
कोटावरच्या दोन भोकांवर नुसतं बोट फिरवलं,
नखावरची शाई अजून गेली नव्हती.
विचारलं, "मोजलात?"

सरकारी कामात उभ्या जन्मात
एक आकडा खोटा न लिहिलेले अण्णा
चिखलात पाय रुतवून उभे राहिले
आणि म्हणाले, "मोजला."

मग दोघं मिळून होडी पाण्यात ढकलू लागले.
पाणी बरंच लांब गेलं होतं.