घर क्रमांक एक्केचाळीस

सांगलीत पाऊस किती झाला असं कुणी विचारत नाही.
पुलापाशी किती, असं विचारतात
आणि उत्तर फुटांत येतं.
पस्तिसाला दुकानाचा तळचा खण रिकामा होतो,
चाळिसाला पाव्हण्यांना फोन जातात,
पंचेचाळिसानंतर विचारायला गल्लीत कुणी उरत नाही.

हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा
बत्तीस पानांची प्रश्नावली घेऊन मी दत्तनगरात शिरले.
गाइडनी व्याख्या पक्की करून दिली होती :
विस्थापित म्हणजे, ज्यांचा पत्ता
तीन महिन्यांहून अधिक काळ बदलला.
घर क्रमांक एक्केचाळीस. शमाबी नदाफ. गाद्या भरण्याचा धंदा.
प्रश्न नववा : कुटुंब किती वेळा हललं?

"हललं म्हंजे काय धरतीस?
खालनं माळ्यावर गेलो, ते धरतीस?
माळ्यावरनं पत्र्यावर?
पत्र्यावरनं शाळेत, शाळेतनं कुपवाडला जावेकडं,
तिथनं पुन्हा हितं, कारण कापूस हितं हुता.
भिजला म्हणून टाकून देत्यात व्हय?
वाळवून पिंजला तर निम्मा निघतो."

मी रकान्यात शून्य लिहिलं.
पत्ता तोच होता.
मग कसंतरीच वाटून समासात लिहीत गेले :
जिना बाहेरून, मागच्या बोळातून, लोखंडी.
वरून तिसरी पायरी नाही.
कुत्रा पिवळा, मोकळा. चावत नाही, वाट अडवतो.
सासरे वर झोपतात. ऐकू येत नाही.

जिनदत्त चौगुले पालिकेच्या शाळेत भेटला, पातेल्यांच्या मध्ये उभा.
एक रबरी बोट, दोन वल्ही, तीन पुरांचा अनुभव.
माझ्या टॅबवरचे तक्ते त्यानं वरखाली सरकवले.
"छान आहे. रंगपण आहेत. छापून कधी येणार?"
दीड वर्षानं, म्हटलं. इंग्रजीत.
तो हसला नाही. आमटी ढवळली.
"मला बुधवारी पाहिजे.
कुठल्या घरातनं कोण उतरणार नाही, आणि कशापायी.
शेळी, कापूस, म्हातारा, बाळंतीण.
टक्के नकोत, ताई. टक्के बोटीत बसत नाहीत."

माझ्याकडं होतं ते. एकशे बारा घरांचे समास भरून होतं.
पण पहिल्याच पानावर, शमाबीच्या अंगठ्याच्या वर,
मीच लिहून दिलं होतं :
आपली माहिती कुणालाही दिली जाणार नाही.
विद्यापीठाच्या समितीला ते वाक्य फार आवडलं होतं.

म्हणून पुन्हा गेले. एकशे बारा दारं, एकच प्रश्न :
एवढंच बोटवाल्याला सांगू का?
अठरा जण नको म्हणाले.
त्यातला एक म्हणाला, उद्या ह्याच वहीवरनं
अतिक्रमणवाले येतील.
त्याचं नाव मी कुठंच लिहिलं नाही, इथंही नाही.
शमाबी गादीला टाके घालत होती.
दाभण तोंडात धरून म्हणाली,
"माझं सगळं सांग. सासऱ्यांचं बहिरेपण तेवढं नको,
त्यांना चारचौघांत आवडत न्हाई.
असं सांग, हाक मारू नका, हात लावा."

पुलापाशी त्रेचाळीस असताना रात्री पावणेदोनला फोन.
मी पुण्यात, प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात.
"ताई, एक्केचाळीस. पुढचं दार बुडालंय. जिना?"
मागच्या बोळातून, म्हटलं. आणि बघा, वरून तिसरी...
"नाही. माहीत आहे."
कुत्रा...
"पोहतोय आमच्याबरोबर."
वर एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांना हाक...
"हात लावायचा. लिहिलंय हितं,"
म्हणाला, आणि फोन न कापताच खिशात टाकला.

स्क्रीनवर नववा रकाना उघडा होता. त्यात शून्य.
कानाला वल्ह्याचा आवाज, कापडाची खसखस,
मग लोखंडावर पाऊल. पाऊल.
जरा थांबणं.
मग लांब टांग टाकून वरचं पाऊल.